बिनआवाजाचा निकाल

सोलापुरात टीव्ही दिसत नाही, हे विरुपाक्षला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. थोरल्या भावानं, म्हणजे सिद्धप्पानं सांगितलं, आईनं सांगितलं, पुण्याच्या दुकानदारानंही पेटी बांधून देण्याआधी पुन्हा पुन्हा विचारलं, की अहो, सोलापूरला नेऊन करणार काय? पण विरुपाक्ष ऐकेल तर शपथ. पुण्याला दिसतं ते सोलापूरला का दिसू नये, मधे काय समुद्र आहे का, असं म्हणून त्यानं तो लाकडी दारांचा, चार पायांचा टीव्ही एस.टी.च्या टपावर घातला आणि बाळीवेशीतल्या घरी आणला. गच्चीवर नळाचे पाइप एकाला एक जोडून त्यावर अँटेना चढवला. मग साऱ्या गल्लीला बोलावून बटण दाबलं.

पडद्यावर मुंग्या आल्या. पांढऱ्या, काळ्या, नुसत्या वळवळणाऱ्या. आणि खर्रर्र असा आवाज. गल्लीनं त्या मुंग्या बराच वेळ मोठ्या आदरानं पाहिल्या, चहा घेतला आणि लोक आपापल्या घरी गेले.

त्या दिवसापासून टीव्हीचं टेबल झालं. गौरम्मानं, म्हणजे सिद्धप्पाच्या बायकोनं, त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि रुमालावर पितळी हत्ती ठेवला. माजघरात शिरलं की उजव्या हाताला टीव्ही, आणि त्याच्या बरोब्बर समोर ती जुनी भिंत, दिव्याच्या कोनाड्याची. कोनाड्याचा एक कोपरा फुटलेला होता. सिद्धप्पा लहानपणी त्यात पाय ठेवून वर चढायचा, तेव्हा तो फुटला होता. दर दिवाळीला तो बुजवायचा विषय निघायचा आणि दर दिवाळीला सिद्धप्पा म्हणायचा, असू दे, माझी तेवढीच खूण राहील.

माणूस असाच होता. ज्वारीच्या अडतीचं दुकान चालवायचा, पण दुकानात गिऱ्हाइकापेक्षा गप्पा मारणारेच जास्त. गड्ड्याच्या जत्रेत दर वर्षी गौरम्माला हाताला धरून न्यायचा, बांगड्या भरायला बसवायचा आणि स्वतः लहान पोरांच्या रांगेत उभा राहून पाळण्यात बसून यायचा. गौरम्मा लाजेनं अर्धी व्हायची. नंतरच्या आयुष्यात तिला सगळ्यात जास्त आठवला तो हाच पाळण्यातला सिद्धप्पा, वरून हात हलवून "गौरा! ए गौरा!" अशा हाका मारणारा.

असा माणूस अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेला उभा राहिला. त्याला त्या गप्पा मारणाऱ्यांनीच उभं केलं. अपक्ष, आणि निशाणी कुठली, तर छत्री! सोलापुरात छत्रीला विचारतो कोण? पाऊस पडतो तो वाट चुकून आल्यासारखा, आणि ऊन असं की छत्रीलाच सावलीत ठेवावं. पण दुकानात तोलाई करणारा धोंडीराम खरोखरीची छत्री उघडून गल्लोगल्ली हिंडला, पोरं मागं लागली, आणि नाही म्हणता म्हणता छत्रीचा बोलबाला झाला. मोजणीच्या दिवशी सकाळी उरलेलं एक पोस्टर धोंडीरामनं हौसेनं माजघरातच चिकटवलं, त्या कोनाड्याच्या शेजारी. गौरम्मा ओरडली, की चुना नुकता लावलाय. पण तोवर खळ वाळली होती.

तिला निवडणुकीचं काही पडलं नव्हतं. तिचा जीव गुंतला होता दुसरीकडेच. दिवाळीपासून सिद्धप्पा जिना चढताना मधेच थांबायचा आणि छातीवर हात ठेवायचा. विचारलं की म्हणायचा, वात धरलाय. डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढून घ्या म्हणून सांगितलं होतं. हा म्हणाला, निकाल लागू दे, मग काढतो. सकाळी फेटा बांधून, उंबरठ्यात बसून त्यानं आईकडून कपाळाला विभूती लावून घेतली, ती त्याची रोजची रीत होती. आणि चप्पल घालताना तो परत थांबला. गौरम्मानं पाहिलं. तिनं पाहिलेलं त्यानंही पाहिलं, आणि तो नुसता हसला. तिनं त्याच पावली सिद्धेश्वराला सांगून टाकलं, की निवडून येऊ दे नाहीतर पडू दे, मला माणूस तेवढा घरी धड येऊ दे.

संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि माजघर भरलं. समोरच्या घरातली सारजाबाई आली. ती माहेरची करमाळ्याची, नवरा गिरणीत, तोंड फटकळ आणि मन लोण्याचं. आणखी चार बाया आल्या. चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बश्या फिरल्या, भाजक्या शेंगांची टरफलं पडली. रेडिओवर निकाल चालले होते. नाव, पक्ष, आघाडी, आणि मधेच सतार. आपलं नाव येईल म्हणून सगळ्या कान देऊन बसायच्या आणि सतार लागली की पुन्हा बोलायला लागायच्या. कोपऱ्यात घोंगडीवर सिद्धप्पाची आई, नागम्मा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वाला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

"वहिनी, तो हत्ती काढा," विरुपाक्ष म्हणाला. "टीव्ही लावतो."

"मुंग्या बघायच्या हायत का?" सारजाबाईनं विचारलं.

"आज निकालाचा दिवस. आज मुंबईहून जोरात सोडत असणार. आलं तर येईल."

सगळ्या हसल्या. पण हत्ती उतरला, रुमाल उतरला, लाकडी दारं सरकली. बटण दाबल्यावर पडदा हळूहळू उजळला आणि त्याच त्या मुंग्या, तीच खरखर. विरुपाक्षनं आवाज बारीक केला. कुणी फार लक्ष दिलं नाही. गौरम्मा चहा गाळायला आत गेली.

ती कपांचं ताट घेऊन बाहेर आली तेव्हा माजघर गप्प होतं. रेडिओवर कुणीतरी आघाडीवर होतं, पण ऐकत कुणी नव्हतं. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडं होती.

मुंग्या बसायला लागल्या होत्या. पाणी निवळतं तसं काहीतरी खालून वर येत होतं. आधी एक काळी चौकट दिसली. मग माणसं, दाटीवाटीनं उभी. मधे मोकळी जागा, आणि तिथं भिंतीला टेकून बसलेला एक माणूस. फेटा. गळ्यात हारच हार.

"आलं!" विरुपाक्षचा आवाज चिरकला. "बघितलं? मी म्हणत होतो का नाही?"

"कोण गं ह्यो?" एक बाई म्हणाली. "निवडून आल्याला दिसतो."

"अगं बया!" सारजाबाई उठून पुढं गेली. पडद्याला नाक लागेल इतकी. "दाजी हायत की हे! गौराक्का, सिद्धप्पा दाजी! त्यो फेटा बघा. आन् मागं छत्री बघा की भिंतीवर! निवडून आलं! टीव्हीवर दाखवत्यात म्हंजे आलंच की निवडून!"

एकच गलका झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या. कुणी साखर कुठाय म्हणून विचारलं. आज हसू येईल, पण तेव्हा टीव्ही काय दाखवतो आणि कसं दाखवतो, हे सोलापुरात कुणाला ठाऊक होतं? दाखवतात म्हणजे कुठंतरी झालं असणार, एवढा साधा हिशेब. गौरम्मालाही क्षणभर तसंच वाटलं. छातीत काहीतरी गोड हललं. एवढ्या माणसांनी हार घातले, आणि आपला माणूस धड बसलाय.

"काय दिसतंय?" कोपऱ्यातून अव्वानं विचारलं. "मला सांगा की कुणीतरी."

"अव्वा, तुमचा लेक दिसतोय!" सारजाबाई तिच्याशेजारी जाऊन बसली आणि मोठ्यानं सांगायला लागली. "मांडी घालून बसल्यात. भिंतीला टेकून. गळ्यात ह्ये एवढं हार. डोक्याला फेटा. आन् कपाळाला इभूत, लई ठसठशीत, सगळ्या कपाळभर."

 अव्वाचा हात घोंगडीवर चाचपत राहिला.

"कण्ण मुच्च्यान?" ती म्हणाली. मग मराठीत, हळू आवाजात, "डोळे मिटलेत का त्याचे?"

"व्हय की. मिटल्यात. दमलं असतील, दिसभर उभं ऱ्हाऊन."

गौरम्माच्या हातातलं ताट कलंडलं. चहा तिच्या अंगावरच्या इरकली लुगड्यावरून खाली ओघळला आणि तो पोळतोय हेही तिला कळलं नाही.

बाकीच्यांना कळण्यासारखं नव्हतं. त्यांच्यात माणूस गेला की आडवा ठेवतात. लिंगायताच्या घरी तसं नाही. तिथं माणूस गेल्यावर आंघोळ घालतात, कपाळभर विभूती लावतात, फेटा बांधतात आणि मांडी घालून भिंतीशी बसवतात. जिवंत असल्यासारखा. कलंडू नये म्हणून छातीवरून कापडाचा पट्टा घेऊन मागं खिळ्याला बांधतात आणि वरून हार घालतात, की पट्टा दिसू नये. चनबसप्पा मामंजींना, तिच्या सासऱ्यांना, असंच बसवलं होतं, याच घरात.

तिनं हारांच्या खाली पाहिलं. पट्टा होता. त्यावर कंगव्याच्या दातांसारखी नक्षी होती, इरकलाच्या पदरावर असते तशी.

मामंजीच असतील हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. जुनं काहीतरी दिसतंय. कसं ते देवाला ठाऊक, पण जुनंच. मामंजींचाही फेटा असाच होता, मिशा अशाच. मग तिची नजर त्या काळ्या चौकटीवर गेली. तो कोनाडा होता. कोपरा फुटलेला. आणि त्याच्या शेजारी आज सकाळीच चिकटवलेली छत्री.

"आता ही कोण?" सारजाबाई म्हणाली.

चित्रात एक बाई पुढं आली होती, पाठमोरी. चौकडीचं लुगडं नेसलेली. तिनं बसलेल्या माणसाचा फेटा सारखा केला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती थांबली. स्वतःच्या अंगावरच्या लुगड्याकडं पाहिल्यासारखी खाली वाकली आणि एकदम वळली.

वळली ती सरळ त्यांच्याकडं. भराभर पुढं आली, इतकी जवळ की चेहऱ्याचा नुसता पांढरा ठिपका झाला. मग काचेच्या आतून दोन तळवे उमटले, पसरलेले, दाबलेले. मधे तोंड. ते उघडत होतं, मिटत होतं. आवाज काही नव्हता, नुसती खरखर.

"वरडतीया बघा कशी," सारजाबाई हसून म्हणाली. "आनंद झालाय बाईला."

मग मुंग्या आल्या आणि सगळं त्यांच्याखाली गेलं.

बाया बोलतच राहिल्या. गौरम्मा अव्वाजवळ गेली. अव्वानं तिचं मनगट धरलं. म्हातारीचा हात बर्फासारखा होता.

"त्याला घरी आण," ती कानडीत म्हणाली. "आत्ता."

"विरुपाक्ष भाऊजी," गौरम्मा म्हणाली, "ह्यांना घरी घेऊन या. असतील तसे. मी बोलावलंय म्हणून सांगा."

"वहिनी, मोजणी मधेच टाकून? निवडून आलाय तो, मिरवणूक—"

"मिरवणूक ऱ्हाऊ दे. माणूस आणा."

तिचा चेहरा पाहून तो चपला अडकवून निघाला. बाहेर स्कूटरचा आवाज झाला. गौरम्मानं टीव्हीची पिन भिंतीतून उपटून खाली टाकली. मग आतल्या खोलीत जाऊन भिजलेलं इरकल सोडलं, खुंटीवर टाकलं आणि अंधारात हाताला लागलं ते नेसली.

सिद्धप्पा आला तो हसतच आला. तिला इतकं सुटल्यासारखं वाटलं की दारातच डोळ्यांत पाणी आलं.

"पडलो गं गौरा!" तो म्हणाला. "पण छत्री होती म्हणून लागलं नाही फार."

सारजाबाईनं तोंडावर हात ठेवला. "पडला? आन् मग टीव्हीवर..."

"कसला टीव्ही? मोजणीत कुत्रं नव्हतं माझ्याकडं बघायला." तो भिंतीकडं निघाला. रोज तिथंच टेकून बसायचा. गौरम्मानं त्याचा दंड धरला.

"तिथं नको. हितं बसा खुर्चीवर."

"आता बसायचं कुठं तेसुद्धा तू ठरवणार? बरं." तो खुर्चीवर बसला, जरा जपून. घाम पुसला. "तसा मी समोर दवाखान्यातच निघालो होतो. मोजणीच्या मांडवाच्या समोरच दवाखाना, डॉक्टर बसलेले. म्हटलं छाती जड झालीय दुपारपासून, दाखवून घ्यावं. रस्ता ओलांडायला लागलो आणि विरू आला. म्हणाला, वहिनीनं आत्ताच्या आत्ता बोलावलंय. म्हटलं, काय झालं बाबा घरी? तसाच बसलो स्कूटरवर."

गौरम्मानं त्याचा दंड पुन्हा धरला.

"चला," ती म्हणाली. "चला परत. आत्ता."

"अगं, आलोय तर पाणी तरी दे. अव्वा, इभूत लाव की. सकाळची पुसली घामानं."

अव्वा हलली नाही.

"हरलो म्हणून रागावलीस?"

कुठली आई यावर बसून राहील? ती उठली, चाचपत आली, आणि तिनं लेकाच्या कपाळावर तीन बोटं ओढली. कपाळ घामानं भिजलं होतं, म्हणून विभूती सगळ्या कपाळभर पसरली.

गौरम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा त्यानं मान वर केली. "गौरा," म्हणाला. पाळण्यातून मारायचा तशीच हाक, पण हळू. आणि मान खाली गेली.

विरुपाक्षनं स्कूटरवरून डॉक्टर आणले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, आणि बॅग उघडलीच नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. ती रीत थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. पुरुषांनी आंघोळ घातली. फेटा बांधला. बसवायचं कुठं, हे कुणी कुणाला विचारलं नाही, घरातल्या कर्त्याची तीच भिंत होती. धोंडीराम रडत आला, हातात हारांची करंडी. जिंकल्यावर घालायला आणलेले हार. परत कुठं न्यायचे?

"पट्ट्याला मऊ कापड बघा," कुणी म्हणालं. सारजाबाई आत गेली आणि खुंटीवर पहिलं दिसलं ते घेऊन आली.

माणसं दाटीनं उभी राहिली. मधे मोकळी जागा ठेवली, बायकोसाठी.

फेटा डाव्या कानावर जरा उतरला होता. गौरम्मा पुढं गेली आणि तिनं तो सारखा केला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हारांच्या खालून तिच्या इरकलाचा पदर दिसत होता, चहाच्या डागासकट.

तिनं खाली पाहिलं. अंगावर चौकडीचं लुगडं होतं.

ती वळली.

समोर टीव्ही होता. दारं उघडी, पडदा काळा. पिन जमिनीवर पडलेली.

तिला ठाऊक होतं, तिकडं कोण आहे. तिकडं सतार लागलीय. सुशीलाच्या बश्या आहेत. ती स्वतः उभी आहे, चहा सांडलेली, आणि अजून कुणाला पाठवलेलं नाही. तिकडं तो जिवंत आहे, आणि आत्ता रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरणार आहे.

ती धावली. तिनं दोन्ही तळवे काचेवर दाबले.

"घरी बोलावू नकोस! ऐकतीयस का? त्यांना तिथंच राहू दे! घरी बोलावू नकोस गं!"

मागून बायांनी तिला धरलं. काच गार होती. ती ओरडत राहिली. आवाज जात नव्हता. आणि तिकडं सारजाबाई हसून म्हणत होती, आनंद झालाय बाईला.